आधी आईच्या फोनवर

नवीन सिस्टीम तयार आहे, असं माझा फोन मला रोज सांगत होता. खाली दोन बटणं असायची, 'आत्ता करा' आणि 'नंतर आठवण करा'. मी 'नंतर' दाबायचे. दाबण्याआधी अंगठा ओढणीला पुसून घ्यायचे, कारण घामेजलेला अंगठा काचेवर घसरला की भलतंच दाबलं जातं. त्या आठवड्यात माझे अंगठे सारखे घामेजलेले असायचे.

बाकीच्यांना त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीने चहा येईपर्यंत अपडेट करूनसुद्धा टाकला होता. "काही नाही गं, आयकॉन गोल झालेत आणि बॅटरीची वाट लागलीय," एवढंच तिने सांगितलं आणि बिस्किट बुडवलं.

माझ्या डाव्या दंडावर, बाहीच्या आत, रुपयाच्या नाण्याएवढं एक पांढरं बटण चिकटवलेलं असतं. त्याला आपण सेन्सर म्हणू. त्याच्या पोटातून केसासारखी बारीक तार कातडीत गेलेली असते. ती माझी साखर मोजते आणि सारखी फोनला कळवत राहते. मला शाळेत असल्यापासून डायबेटिस आहे. गोळ्यांचा नाही, इन्शुलिनचा. इन्शुलिन जरा जास्त झालं, जेवण जरा कमी झालं, स्टेशनचा पूल घाईत चढले, की साखर खाली जाते. लहानपणी ती खाली जायला लागली की मला कळायचं. हात थरथरायचे, ओठांना मुंग्या यायच्या, भूक लागायची. इतक्या वर्षांनी माझं शरीर ही सूचना द्यायला विसरलंय. "तुला स्वतःहून कळेल यावर विसंबू नकोस," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे मी चांगली बसलेली, बोलत असलेली बेशुद्ध पडू शकते, आणि त्याआधी मला सावध करणारी वस्तू एकच, माझा फोन.

सेन्सरच्या कंपनीने ॲपमधूनच निरोप पाठवला होता. फोनच्या नव्या सिस्टीमवर आमच्या ॲपची तपासणी पूर्ण झालेली नाही, तोवर अपडेट करू नका, केल्यास कदाचित अलार्म वाजणार नाहीत. निरोप इंग्रजीत होता आणि फार सभ्य होता. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, सभ्य इंग्रजीत वाईट बातमी कशी देतात हे मला ओळखता येतं. तो 'कदाचित' मी इतक्या वेळा वाचला की शेवटी मला बाकीची अक्षरं दिसेनाशी झाली.

दुसरा निरोप ऑफिसचा होता. ज्यांच्या फोनवर ऑफिसचा मेल आणि हजेरीचं ॲप आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत नवी सिस्टीम घ्यावी. सुरक्षेसाठी ते आवश्यक आहे. न घेतल्यास सोमवारपासून दोन्ही बंद होतील.

मरोळच्या एका पॅकेजिंग कंपनीत मी खोक्यांवर छापायचा इंग्रजी मजकूर तपासते. साबण, बिस्किटं, डासांच्या वड्या. तिथे मी नवीन होते, नोकरी पक्की व्हायला अजून काही महिने बाकी होते. हजेरी लागली नाही म्हणून कोणाच्या डोळ्यांवर यायची ही वेळ नव्हती.

उपाय सोपा होता. ऑफिसला सांगायचं, मला हा आजार आहे, म्हणून मी इतक्यात अपडेट करू शकत नाही. पण ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. ऑफिसात काय, आमच्या सोसायटीत आणि गावच्या मंडळींतही माहीत नव्हतं.

हा आईचा नियम. माझं निदान झालं त्याच वर्षी, कणकवलीकडच्या एका लग्नात, तिच्या मागे पंगतीत बसलेल्या दोन बायका दुसऱ्याच एका मुलीबद्दल बोलत होत्या. "दिसाक बरी आसा गो, पण रोज सुयो टोचूक व्हयो. कोण करतलो तिका?" आई पानावरून तशीच उठली. मुंबईत नाहूरला घरी आल्यावर तिने मला समोर बसवून सांगितलं, लग्न होईपर्यंत ही गोष्ट चौघांत राहील, तू, मी, बाबा आणि डॉक्टर. मी तेव्हाही वाद घातला नाही आणि नंतरही कधी नाही. मला ते सोयीचंच होतं. लोकांनी मान वळवून माझ्याकडे बघणं मला नको असतं, मग कारण आजाराचं असो की बक्षिसाचं.

पण अलार्मला आवाज असतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तो भर दुपारी वाजला. अग्निशमनाच्या गाडीसारखा आवाज आहे तो. सगळ्या माना वळल्या. मी म्हणाले, सॉरी, सकाळचा गजर चुकून दुपारचा लागला. खाली मान घालून खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या, आणि त्याच दिवशी ऑफिसच्या वेळेपुरता अलार्मचा आवाज बंद करून टाकला. तेव्हापासून ऑफिसातला माझा अलार्म म्हणजे आई.

माझा आकडा तिच्या फोनवरही दिसतो. तिचा फोन म्हणजे माझाच आधीचा, त्याच कंपनीचा. आकडा खाली जायला लागला की तिचा फोन स्वयंपाकघरात ओरडतो आणि ती मला फोन करते. ऑफिसात फक्त तिचाच कॉल वाजेल अशी सोय मी माझ्या फोनवर करून ठेवली होती. शेजारी कोणी ऐकत असेल म्हणून आम्ही बोलायचं ठरवून घेतलं होतं. साखर खाली असली की आई विचारायची, "गॅस बंद केलास का?" वर असली की, "नळ चालू ठेवून गेलीस वाटतं." मी "हो, बघते" म्हणायचे आणि गॅस असेल तर ग्लुकोजची गोळी तोंडात टाकायचे, नळ असेल तर बाथरूममध्ये जाऊन इन्शुलिन घ्यायचे.

शेजारच्या मैत्रिणीला हे संभाषण पाठ झालं होतं. ती बोरिवलीची, बोलायला एकदम सरळ. "तुझ्या आईला एक इंडक्शन घेऊन दे यार," ती म्हणायची. "आणि तू सकाळी गॅस पेटवून ऑफिसला का येतेस रोज? घरात दुसरं कोणी माणूस नाही का?" मी हसायचे. न बोलणाऱ्या माणसाला हसण्याचा फार उपयोग होतो.

बुधवारी मी धीर करून आयटीच्या काउंटरवर गेले. तिथे एक गृहस्थ असतात, चष्मा कपाळावर आणि समोर उघडलेले दोन लॅपटॉप. मी म्हणाले, मला अपडेटसाठी थोडी मुदत मिळेल का?

"कारण?"

"पर्सनल आहे."

"मॅडम, सगळ्यांचे फोन पर्सनलच असतात," ते म्हणाले. "फोटो जातील म्हणून घाबरताय का? काही जात नाही. इकडे द्या, मीच करून देतो." त्यांनी हात पुढे केला.

मी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. त्यांना काय वाटलं असेल ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते बरोबर नाही हे सांगायला मला शब्द सापडला नाही. "राहू दे, मी घरी करते," असं म्हणून मी निघाले.

त्या संध्याकाळी आई वालाचं बिरडं सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. कंपनीचा निरोप मराठीत करून वाचून दाखवला.

"म्हणजे करायचा की नाही करायचा?" तिने विचारलं.

"तेच कळत नाहीये. केला आणि अलार्म बंद पडला तर? नाही केला तर सोमवारी हजेरी नाही."

"परत जुना करता येतो का, नाही चाललं तर?"

"नाही. एकदा झाला की झाला."

"कोणीतरी करून बघितला असेल ना? नेटवर बघ."

मी बघितलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक लिहीत होते. एकाचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. एकीचा अलार्म रात्रभर वाजलाच नव्हता, सकाळी तिला नवऱ्याने उठवून रस पाजला होता. मी आईला पहिल्याचं सांगितलं, दुसरीचं सांगितलं नाही.

आईने वालाची सालं बाजूला सारली. "मग आयटीवाल्याला सांगून टाक," ती म्हणाली, आणि लगेच, माझं उत्तर यायच्या आधीच, "नको. तिथे आपल्याकडची कोण कोण असतात काय माहीत. मागच्या रविवारी गावच्या मंडळात त्या मालाडच्या बाई विचारत होत्या, मुलगी कुठे कामाला असते म्हणून."

मी पुन्हा कंपनीचा निरोप उघडला.

"हा अपडेट माझ्या फोनवर पण आलाय ना?" तिने विचारलं. "ते लाल टिंब येतं, त्याचाच ना?"

"हो," मी म्हणाले. माझं लक्ष माझ्या फोनकडे होतं.

इथे मला माझ्या आईची एक सवय सांगितली पाहिजे. आमच्या घरात येणारी नवी वस्तू आधी तिच्या अंगावरून जाते. नवा साबण ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघते. आजारपणात मला आणलेलं औषध थेंबभर स्वतःच्या जिभेवर ठेवायची. बाबा चिडायचे, "तू काय राजवाड्यातली आचारीण आहेस?" माझ्यासाठी पहिला सेन्सर आणला, तेव्हा तो लावायचं यंत्र दंडावर दाबताना खटकन आवाज होतो हे तिने दवाखान्यात बघितलं होतं. घरी आल्यावर मी आंघोळीला गेले, तेवढ्यात तिने तो स्वतःच्या दंडावर लावून टाकला. एक सेन्सर एकदाच वापरता येतो. मी बाहेर आले तेव्हा ती दंड धरून बसली होती. "नाही दुखत गो फार," म्हणाली. "मुंगीसारखं." मला इतका राग आला होता की मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तो सेन्सर मात्र तिने त्याची मुदत संपेपर्यंत काढला नाही. भाजी आणायला जायची तेव्हाही बाहीखाली तो असायचा.

हे सगळं माहीत असूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी मी नेहमीसारखी घाटकोपरहून मेट्रोने मरोळला पोचले. ऑफिसात घाई होती. एका बिस्किटाच्या खोक्याचा मजकूर संध्याकाळच्या आत छपाईला जायचा होता आणि घटकांची नावं तीन भाषांत एकाखाली एक नीट बसत नव्हती. जेवायची वेळ झाली तेव्हा मी इन्शुलिन नेहमीसारखं बाथरूममध्ये जाऊन घेतलं. परत आले तर हाताखाली नवीन फाइल येऊन पडलेली. अर्धी पोळी खाल्ली, डबा झाकून ठेवला, म्हटलं एवढं पान झालं की खाते.

दुपारी एकदा आईचा फोन आला. मी गोळीसाठी खिशाकडे हात नेला, पण ती गॅसचंही बोलली नाही आणि नळाचंही नाही. "काही नाही, सहज केला," म्हणाली. आवाज खुशीत होता. "आज अगदी छान आहेस तू. सकाळपासून एकदम सरळ रेघ."

"बरं," मी म्हणाले. समोर मैत्रीण होती, अजून काय बोलणार. पण मला बरं वाटलं. सरळ रेघ ही आमच्या घरात फार दुर्मिळ गोष्ट आहे. आईने सांगितलं म्हणजे बघायची गरज नाही, म्हणून मी टेबलाखालून फोन काढून बघायचे तेही बघितलं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. एका ओळीत गव्हाचं पीठ लिहिलं होतं. मी ती ओळ तपासली आणि पुढच्या ओळीवर गेले. पुढच्या ओळीतही गव्हाचं पीठच होतं. मग लक्षात आलं की मी पुढे गेलेच नाहीये. परत वाचली. परत. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. उलट कोणीतरी मुद्दाम तीच ओळ पुन्हा पुन्हा छापलीय असं वाटून राग येत होता.

मैत्रिणीने काहीतरी विचारलं. बहुतेक स्टेपलर मागितला असेल.

"तुला दिसत नाही का मी काम करतेय?" मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचातरी वाटला.

ती थबकली. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तोंड फिरवून बसली असती. तिने माझ्याकडे जरा वेळ टक लावून बघितलं आणि म्हणाली, "ओ मॅडम, आज काय घरचा गॅस चढलाय डोक्यात? आणि आईने आज गॅस विचारलाच नाही ना? पहिल्यांदाच."

हे वाक्य कुठेतरी खोलवर जाऊन लागलं. आईने गॅस विचारला नाही. का विचारला नाही, कारण सरळ रेघ आहे. पण सरळ रेघ असेल तर माझ्या मानेवरून घाम का ओघळतोय? एसी माझ्या डोक्यावरच होता.

मी फोन शोधला. तो ओढणीखाली मांडीवरच होता, तरी मला सापडायला वेळ लागला. पडद्यावर अठ्ठेचाळीस होते आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. सत्तरच्या खाली गेलं की मी खायचं असतं. फोन कधीपासून मूकपणे लाल होऊन माझ्या मांडीवर पडला होता, देव जाणे.

ग्लुकोजची पुडी ड्रॉवरमध्ये होती. ती हातात आली. तिचा कोपरा फाडायचा असतो हे मला कळत होतं आणि कोपरा कुठला ते कळत नव्हतं. मी दातांत धरली. ती निसटून खाली पडली.

मैत्रीण उठून आली. पुडी उचलून तिने ती झटक्यात फाडली. "हे खायचंय?" मी मान हलवली. तिने माझ्या हातात न देता थेट माझ्या तोंडाला लावली, लहान मुलाला देतात तशी. मग माझ्याच डब्याशेजारची पाण्याची बाटली. "अजून आहे का? कुठे?" मी ड्रॉवर दाखवला. तिने दुसरी फाडली.

"काय होतंय? बोल ना. कोणाला बोलवू?"

मी तिच्याकडे बघितलं. हसून चालणार नव्हतं, मला हसताही येत नव्हतं. "मला डायबेटिस आहे," मी म्हणाले. "शाळेत असल्यापासून. साखर खाली गेलीय. थोड्या वेळात येईल वर."

हे वाक्य मी घराबाहेर पहिल्यांदा बोलत होते. ते एवढं छोटं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. "वर येईपर्यंत मी इथेच आहे. तो आकडा मला दिसेल असा धर."

आकडा आणखी एकदा खाली गेला. त्या वेळी ती माझं मनगट पकडून होती, आणि तिची पकड घट्ट झाली ते मला कळलं. मग तो थांबला. मग हळूहळू वर यायला लागला. डोकं जागेवर आलं तसा पहिला विचार आला तो आईचा. तिचा फोन का ओरडला नाही? ती पडली का? तिला काही झालं का? मी फोन लावला.

तिने पहिल्याच रिंगला उचलला. "बोल गो."

"आई, तुला माझा आकडा काय दिसतोय?"

"एकशे अठरा. सकाळपासून तोच आहे. म्हटलं ना छान आहेस."

"आई, मी अठ्ठेचाळीसवर गेले होते."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली, तीही तिने मोजली नसेल.

"आकड्याच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय?" मी विचारलं. "इंग्रजीत. वेळ लिहिलीय का?"

तिने अक्षर अक्षर लावून वाचलं. ती वेळ मी घरातून निघाल्यानंतरची होती, सकाळची. तिच्या फोनवर मी तेव्हापासून तिथेच थांबले होते, एकशे अठरावर.

आई घाबरली की मालवणीत जाते. "माका वाटला, आधी माझ्या फोनवर करून बघूया," ती म्हणाली. "काय झाला तर माझो फोन बिघडतलो, तुझो ऱ्हवतलो. तू गेल्यार लगेच केलंय. चालता म्हणान संध्याकाळी तुका सांगतलंय होतंय." मग आवाज बारीक झाला. "माझ्या फोनान माका काय सांगल्यानच नाय गो."

मला सेन्सरच्या वेळेसारखा राग यायला हवा होता. तो आला नाही. ती एका जागी बसून दिवसभर त्या एकशे अठराकडे बघत खूश होत होती, हेच मला डोळ्यांसमोर दिसत राहिलं.

"मी ठीक आहे," मी म्हणाले. "मैत्रिणीने ग्लुकोज दिलं."

"तिका कळला?"

"हो. मीच सांगितलं."

पलीकडे तिने कुकरखालचा गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. "जेव आता," ती शेवटी म्हणाली. "डब्यातला सगळा खा."

उरलेला डबा मी मैत्रिणीसमोर खाल्ला. ती प्रत्येक घासावर नजर ठेवून होती. मधेच म्हणाली, "म्हणजे गॅस म्हणजे हेच होतं?" मी मान हलवली. "आणि तो नळ?" "साखर वर." तिने कपाळाला हात लावला. "आणि मी तुझ्या आईला इंडक्शन सुचवत होते. काय बावळट आहे मी." मग आवाज बदलून म्हणाली, "आज मी तुला स्टेपलर मागितला नसता तर?"

मला उत्तर माहीत होतं, म्हणून मी पुढचा घास घेतला.

आकडा शंभराच्या वर गेल्यावर मी आयटीच्या काउंटरवर गेले. मैत्रीण येते म्हणाली, मी नको म्हटलं. तिथे दोघंजण आपापले लॅपटॉप घेऊन उभे होते. मला वाटलं ते जाईपर्यंत थांबावं. ते काही जाईनात.

"आलात? केलंत का घरी?" कपाळावरचा चष्मा खाली घेत ते गृहस्थ म्हणाले.

"नाही. मला करता येणार नाही," मी म्हणाले. "मला डायबेटिस आहे. माझी साखर खाली गेली की हा फोन मला सांगतो. नव्या सिस्टीमवर तो सांगेल की नाही, त्या कंपनीलाच माहीत नाही. माझ्या आईच्या फोनवर आज बंद पडलं."

लॅपटॉपवाले दोघंही ऐकत होते, हे मला न बघता कळलं. एकाने बोटाने टिचक्या मारणं थांबवलं होतं.

"मग हे काल सांगायचं ना, मॅडम," ते म्हणाले. रागाने नाही, पण आवाज काही कमी केला नाही. "मी काल हात पुढे केला होता. दिला असता तर मी दाबून मोकळा झालो असतो." हे बोलल्यावर त्यांनी स्वतःच फोनकडे एकदा बघितलं. "जुन्या सिस्टीमवर मेल ठेवता येणार नाही, ते मी काही करू शकत नाही. मेल आणि हजेरी दोन्ही फोनवरून काढतो. मेल कॉम्प्युटरवरच बघायचा. हजेरीला कार्ड देतो, गळ्यात घालायचं. चालेल?"

"चालेल."

"आणि तुमचं ते ॲप तपासून झालं की मला येऊन सांगा. आपण होऊन हात लावू नका."

त्यांनी माझ्यासमोरच, फोन माझ्या हातात ठेवून, मला एकेक पायरी सांगितली. मेल गेला. हजेरी गेली. अपडेटचं स्वतःहून होणं त्यांनी बंद करायला लावलं. ते मी आधीच केलं होतं, तरी पुन्हा तपासलं.

घरी आले तेव्हा आई दार उघडून उभीच होती. तिने माझा दंड चाचपला, सेन्सर जागेवर आहे का बघितल्यासारखा, आणि आत गेली. जेवताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा फोन मिक्सरशेजारी पालथा ठेवला होता.

"तू तिथे सगळ्यांना सांगितलंस," ती म्हणाली. विचारत नव्हती.

"तिघाचौघांना. बाकीचे उद्या कार्ड बघून विचारतीलच."

तिने माझ्या ताटात भात वाढला, मी नको म्हणत असताना. मग म्हणाली, "मी आता परत कधी बघू शकेन तुला? फोनवर?"

"त्यांनी नवीन ॲप काढलं की. तोपर्यंत नाही."

"मग तोपर्यंत ऑफिसात कोण सांगणार तुला?"

"माझाच फोन. आवाज चालू ठेवून."

तिने वर बघितलं. तो आवाज कसा आहे ते तिला माहीत होतं. आमच्या स्वयंपाकघरात तो कितीदा तरी वाजलाय. त्या पंगतीतल्या बायका तिला त्या क्षणी आठवल्या असतील का, मला माहीत नाही. ती म्हणाली, "जोरात ठेव मग. एसीत ऐकू येत नाही." आणि उठून ताक आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी पांढरं कार्ड गळ्यात घालून गेले. फोन टेबलावर ठेवला, सरळ, पडदा वर करून, आवाज पूर्ण. मैत्रिणीने बघितलं आणि आपला चहाचा कप त्याच्यापासून लांब सरकवला. सकाळभर मी त्या फोनशेजारी अशी बसले होते की जणू तो कधीही माझं नाव घेऊन हाक मारणार आहे. दर थोड्या वेळाने आकडा बघायचे. ठीक होता. ठीक होता. मग हळूहळू उतरायला लागला. बाण खाली वळला, आणि मला आधीच गोळी खाऊन तो गप्प करता आला असता. मी डब्यातून गोळी बाहेर काढून हातात धरली, तेवढ्यात तो वाजला.

मधल्या रांगेपासून खिडकीपर्यंत सगळ्या माना वळल्या. मी तो बंद केला, गोळी खाल्ली, आणि आईला फोन लावला.

"वाजला," मी म्हणाले.

"किती?"

"सदुसष्ट. खाल्लं मी."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"हो."

"काय म्हणाले?"

"पलीकडून कोणीतरी विचारलं, कोणाचा फोन आहे म्हणून."

"मगे? तू काय सांगितलंस?"

"माझा, म्हटलं."